गुटी बांधलेल्या मेपलला मुळं फुटली, पण थंडी दारात येऊन उभी! आता काढू की ठेवू?

अर्धवटमाळी | २४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचक होतो, आज अडचणीत आल्यावर धागा काढतोय. लांबलचक झालंय, गोड मानून घ्या.

माझ्याकडे कुंडीत एक जपानी मेपल आहे. खालचं खोड खांबासारखं सरळसोट, बोन्साय म्हणून त्यात काही राम नाही. पण वीतभर वर जिथे पहिल्या दोन फांद्या फुटतात तिथून पुढे झाड असं मस्त वळलंय की बघत राहावं. म्हणून ठरवलं की बरोब्बर त्या फांद्यांच्या खाली गुटी बांधायची, म्हणजे झाडावर असतानाच खोडाला तिथे मुळं फुटवायची, आणि वरचा भाग वेगळा काढायचा. मे महिन्याच्या शेवटी, नवी पानं जरा जून झाल्यावर काम केलं. खोड तिथे अडीच सेंमी जाड आहे. साल गोल सोलायची होती पण धीरच होईना, चांगल्या जिवंत झाडाची साल काढायची म्हणजे हात थरथरतो हो, म्हणून जेमतेम १ सेंमीची पट्टी काढली. रूटिंग पावडर लावली, भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) गच्च लावलं, वरून प्लॅस्टिक, वर-खाली सुतळी.

दोन महिने इंजेक्शनच्या सुईने पाणी घालत बसलो. जुलैच्या शेवटी उघडून बघतो तर मुळाचा पत्ता नाही, वरच्या सालीने खाली हात लांबवून खालच्या सालीला गाठलेलं, मधे मस्त पूल तयार! म्हणजे झाडाने जखम भरून टाकली आणि मी दोन महिने पट्टीला पाणी पाजत होतो. परत कापलं, या वेळी ४ सेंमी, आणि आतलं लाकूड चाकूने खरवडून कोरडं केलं.

आता परवा प्लॅस्टिकच्या आतून मुळं दिसली. पांढरी, शिवायच्या दोऱ्याएवढी, प्लॅस्टिकला चिकटून वळलेली. ११ मोजली, त्यातल्या दोन-तीनांना बारीक फाटे पण आहेत. पण पानं लाल होऊन गळायला लागलीत, आणि आमच्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री पारा शून्याखाली जातो, जानेवारीत उणे १० सुद्धा होतो. आता कापून कुंडीत लावू, का तसंच झाडावर ठेवू वसंतापर्यंत? जाणकारांनी प्लीज सांगा.

हिरवट | २४ ऑक्टोबर

फोटो टाका राव. फोटोशिवाय धागा म्हणजे मॉसशिवाय गुटी.

कुंडीकर | २४ ऑक्टोबर

माळीबुवा, घाई करू नका. ठेवा तसंच.

का ते सांगतो. पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, आणि मुळांनी ओढलेलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं. तुम्ही साल काढली म्हणजे खाली जाणारा रस्ता तोडला, वर येणारा तसाच आहे. अन्न कापाच्या वरच्या कडेला तुंबतं, तिथे आधी गाठ येते आणि मग मुळं. म्हणजे आज या घडीला वरच्या झाडाला पाणी कोण पाजतंय? जुनं खोड. तुमची ११ पोरं अजून कामाला लागलेली नाहीत, ती नुसती हजेरी लावून बसलीत. कापलंत की सगळा संसार त्यांच्या डोक्यावर.

ज्या मुळांना फाट्याला फाटे फुटलेत, जी पांढरी होती ती तपकिरी व्हायला लागलीत, मॉसच्या गोळ्यात दाटी झालीय, ते झाड कापायच्या लायकीचं. आणि ते सुद्धा पानगळ व्हायच्या दीड-दोन महिने आधी, म्हणजे मुळांना मातीत पाय रोवायला उबदार दिवस मिळतात. तुमची ती वेळ टळली. पट्टी पहिल्याच वेळी रुंद घेतली असतीत तर ऑगस्टअखेर कापून मोकळे झाला असता. खोडाच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट, हे डोक्यात ठेवा. अडीच सेंमी खोडाला ४-५ सेंमी.

सालपट | २५ ऑक्टोबर

कुंडीकरकाकांशी बरीचशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. "ठेवा तसंच" म्हणणं सोपं आहे, उणे १० मधे हवेत लटकलेला मॉसचा गोळा कसा ठेवणार? कुंडी निदान जमिनीवर असते, खालून थोडी ऊब मिळते. गोळा चारी बाजूंनी उघडा, आणि असतो केवढासा, मुठीएवढा. एका रात्रीत आरपार दगड. माझं ट्रायडेंट मेपलचं असंच गेलं. मार्चमधे प्लॅस्टिक सोडलं तर मुळं काळी, बोटात धरली की वरची साल निसटून आतला तंतू हातात. वास पण आला. खालचं जुनं झाड मात्र टकाटक, त्याला काहीच झालं नव्हतं.

लोक गफलत इथेच करतात. "हे झाड उणे २० पर्यंत टिकतं" असं लिहिलेलं असतं ते फांद्यांबद्दल. मुळं फांद्यांइतकी काटक कधीच नसतात, कुठल्याच झाडाची. जमिनीत असतात म्हणून वाचतात. आणि नुकतीच फुटलेली पांढरी मुळं तर जुन्या मुळांपेक्षाही नाजूक, नुसतं पाणी भरलेलं असतं त्यांच्यात.

म्हणून माळीदादा, झाडावरच ठेवणार असाल तर कुंडीसकट सगळं झाड आत घ्या. आत म्हणजे हीटर नसलेलं गॅरेज, पडवी, गोदाम असं काहीतरी. गोळ्याला दोन-तीन थर बबलरॅप, वरून गोणपाट. काळं प्लॅस्टिक असेल तर उन्हात अजिबात ठेवू नका, दिवसा तापतं रात्री गोठतं, त्यात मुळं आणखी लवकर मरतात.

अर्धवटमाळी | २५ ऑक्टोबर

काका, ताई, खूप धन्यवाद, पण आता सांगायला लाज वाटतेय. आज सकाळी सुट्टी होती आणि तुमचे प्रतिसाद वाचायच्या आधी... कापलं. 🙈

हिरवट | २५ ऑक्टोबर

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

कुंडीकर | २५ ऑक्टोबर

😀 असो. झालं ते झालं. आता काय काय केलंत ते नीट सांगा. मॉस काढलंत का? कशात लावलंत?

अर्धवटमाळी | २५ ऑक्टोबर

पट्टीच्या खाली बोटभर ठुंठ ठेवून करवतीने कापलं. प्लॅस्टिक सोडलं. मॉस काढायला सुरुवात केली, चिमट्याने एका बाजूचं थोडंसं ओढलं तर त्याबरोबर एक मूळ टचकन तुटून आलं. मग घाबरून थांबलो. म्हणजे आता १०. सध्या झाड बादलीत ओल्या कापडात गुंडाळून ठेवलंय, अजून लावलं नाहीये.

कुंडीकर | २५ ऑक्टोबर

थांबलात हे उत्तम केलंत. मॉसला आता पुन्हा हात लावायचा नाही. ही मुळं मॉसच्या तंतूतून शिरून बाहेर आलेली असतात, मॉस ओढलं की मूळ येणारच. गोळा आहे तसा अख्खा कुंडीत बसवा. मॉस पुढच्या वर्षीच्या मातीबदलात निघेल, तेव्हा मुळं दणकट असतील.

बोन्सायची उथळ कुंडी अजिबात नको. साधी नर्सरीची प्लॅस्टिकची कुंडी घ्या, गोळ्यापेक्षा चार बोटं रुंद आणि तेवढीच खोल. भोवती प्युमिस, परलाइट, अकाडामा (बोन्सायची दाणेदार जपानी माती) जे असेल ते जाड दाण्याचं. चिकणमाती, गांडूळखत वगैरे नको, थंडीत झाड पाणी पीत नाही, माती चिंब राहते आणि मुळं कुजतात. खत तर वसंतात पानं फुटून स्थिर होईपर्यंत विसरून जा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, झाड बांधा. तारेने, कुंडीच्या भोकातून वर घेऊन, ठुंठाला धरून. वरती एवढा डोलारा आणि खाली १० दोरे, वारा आला की सगळं झाड गोळ्यात गदगदा हलणार आणि प्रत्येक हेलकाव्याला मुळाचं टोक तुटणार. खोडाला बोटाने टिचकी मारा, कुंडी हलली पाहिजे, खोड नाही. तोपर्यंत तार पिळत राहा.

शेवाळलेला | २६ ऑक्टोबर

मुळांची एवढी काळजी? याला मूळव्याध म्हणतात 😂

(वाचतोय, थांबू नका.)

वडाचीपारंबी | २६ ऑक्टोबर

मी फायकसवाली, आमच्याकडे थंडी नावालाच. फायकसला गुटी बांधली तर ऐन उन्हाळ्यात ५-६ आठवड्यात मुळांचा पुंजका तयार, कापा आणि लावा. त्यामुळे हा सगळा प्रकार मला परग्रहावरचा वाटतोय. एक भाबडा प्रश्न, सरळ घरात उबेला का नाही ठेवत? मी तर माझी फायकस १२-१३ अंशांच्या खाली जाऊच देत नाही.

सालपट | २६ ऑक्टोबर

पारंबीताई, प्रश्न भाबडा अजिबात नाही, निम्मी मेपल याच प्रेमाने मरतात. फायकस बारमाही हिरवं, त्याला झोप नको. मेपल, एल्म यांना थंडीची झोप लागतेच, काही आठवडे सलग गारवा मिळाल्याशिवाय वसंतात कळ्या धड फुटत नाहीत. उबदार खोलीत ठेवलं की एक तर झोप पुरी होत नाही, किंवा जानेवारीतच कळ्या फुटतात. बाहेर उजेड नाही, मुळं १०, आणि पानं पाणी मागायला हजर. घरातली हीटरची हवा पण कोरडी ठणठणीत. दोन आठवड्यांत खेळ खलास.

मधली जागा हवी. मुळांपाशी ० ते ५-७ अंश. गार, पण गोठलेलं नाही. एवढ्या गारव्यात पानं गळून गेली तरी मुळं अगदी सावकाश का होईना काहीतरी करत असतात. आपल्याला तेच पाहिजे.

पानगळ | २६ ऑक्टोबर

माझा अनुभव जुनिपरचा, जरा वेगळा आहे पण कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. जुनिपर मुळं सोडायला फार वेळ घेतं, पहिल्या हंगामात नुसती गाठच आली, पांढरं काहीच नाही. सगळी साल काढायची भीती वाटली म्हणून सालीचे दोन बारीक पूल ठेवले होते. गोळा झाडावरच ठेवून थंडी काढली, दुसऱ्या उन्हाळ्यात मुळं आली तेव्हा ते पूल कापले आणि मग वेगळं केलं. सदाहरित झाडाला थंडीतली खरी भीती नुसत्या गोठण्याची नाही, ऊन आणि वाऱ्याची आहे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी पाला पाणी उडवत असतो आणि खाली माती गोठलेली, वर पाणी जाणार कुठून? झाड तहानेने मरतं, आणि तपकिरी दिसायला लागतं तेव्हा दोन महिने होऊन गेलेले असतात. म्हणून सावली आणि आडोसा. मेपलची पानं गळतात म्हणून त्याला हा त्रास कमी, पण वारा त्याच्याही फांद्या सुकवतोच.

अर्धवटमाळी | २ नोव्हेंबर

अपडेट. लावलं. काकांनी सांगितलं तसं तारेने बांधलं, टिचकी परीक्षा पास. गॅरेज नाहीये माझ्याकडे, बाल्कनी आहे, उत्तरेकडची, ऊन येत नाही. थर्माकोलचं मोठं खोकं मिळालं, त्यात कुंडी ठेवून भोवती सुकी पानं आणि पाइनच्या सालीचे तुकडे भरलेत, फांद्या वर मोकळ्या. तापमापीची वायर कुंडीत खुपसलीय. बाहेर आज रात्री २, कुंडीत ५.

कुंडीकर | ३ नोव्हेंबर

झकास. खोक्याला खाली भोकं पाडलीत ना? नाहीतर पाणी साचून खालची पानं सडतील आणि कुंडी डबक्यात बसेल.

पाणी देताना वरचं मॉस बघून ठरवू नका, ते वर कोरडं आणि आत चिंब असतं. बांबूची काडी गोळ्याच्या कडेला, मुळं टाळून, आत खोचून ठेवा. चार दिवसांनी उपसून गालाला लावा. गार आणि ओली लागली तर पाणी नको. पण पूर्ण सुकूही देऊ नका. ओली माती कोरड्या मातीपेक्षा सावकाश गोठते, कारण पाणी गोठताना उष्णता सोडतं.

शेवाळलेला | ३ नोव्हेंबर

काकांच्या त्या शेवटच्या वाक्यावरून. खोक्यात जागा असेल तर पाण्याचा कॅन ठेवा, थोडा रिकामा, गोठताना पाणी फुगतं म्हणून. १ ग्रॅम पाणी गोठताना ३३४ जूल सोडतं, म्हणजे १० लिटर पूर्ण गोठेपर्यंत जवळजवळ एक युनिट विजेएवढी उष्णता फुकटात, आणि तीही शून्याच्या आसपास, जिथे आपल्याला हवीय तिथेच. जोपर्यंत कॅनमधे पाणी शिल्लक आहे तोपर्यंत बंद खोकं शून्याच्या फार खाली जात नाही. दिवसा परत वितळलं की रात्रीसाठी तयार. मी मूळव्याधीवर विनोद करतो म्हणून मला काहीच येत नाही असं समजू नका.

हिरवट | ३ नोव्हेंबर

हे भारी आहे!! +१

अर्धवटमाळी | १९ डिसेंबर

मंडळी, घात झाला. कालची रात्र उणे ९. मी दोन दिवस घरी नव्हतो. आज बघतो तर कॅन पूर्ण बर्फ, कुंडीत उणे २, वरचं मॉस बोटाने दाबलं तर दाबलंच जाईना, नखाने टकटक आवाज येतो. आत खोलीत घेऊ का? कोमट पाणी घालू?

सालपट | १९ डिसेंबर

दोन्ही नको!! हात पण लावू नका, गोठलेली मुळं काचेसारखी तुटतात, कुंडी उचलून आपटली तरी तुटतील. गोठलं म्हणजे मेलंच असं नाही. हळू गोठलं आणि हळू वितळलं तर उणे १-२ मधून बरंच काही वाचतं. मारतं ते खूप खोल जाणं आणि रोज गोठ-वितळ होणं. खोकं होतं तिथेच ठेवा, वर जुनी गोधडी नाहीतर रजई टाका, फांद्यांसकट, आणि स्वतःहून वितळू द्या. सकाळी हवा शून्यावर आली की गोधडी थोडी उघडा.

पानगळ | २० डिसेंबर

आणि बर्फ पडला तर खोक्यावरचा बर्फ झटकू नका. भुसभुशीत बर्फ हे सगळ्यात चांगलं पांघरूण. फांद्यांवरचा मात्र हळूच काढा, वजनाने मोडतात.

अर्धवटमाळी | २३ डिसेंबर

वितळलं. कुंडीत १ अंश. आत्ता बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून ठेवलंय, घराची भिंत थोडी उबदार असते. कॅन एकाचे दोन केले. एका बारीक फांदीची साल नखाने खरवडली, खाली हिरवं दिसलं. पण मुळांचं काय ते कसं कळणार?

कुंडीकर | २३ डिसेंबर

नाही कळणार. उकरून बघायचा मोह होईल, बघू नका. फांदी हिरवी असण्याला पण फार भुलू नका, कापलेली फांदी नुसती गार जागी ठेवली तरी महिनोन्महिने हिरवी राहते.

शेवाळलेला | २४ डिसेंबर

काका म्हणजे धीर द्यायला एकच नंबर 😀

वडाचीपारंबी | ९ फेब्रुवारी

धागा वर काढते. माळीदादा, झाड आहे ना?

अर्धवटमाळी | ११ फेब्रुवारी

आहे ताई. उंदीर आला होता मात्र! सुक्या पानात घर केलंन आणि ठुंठाच्या वर दोन ठिकाणी साल कुरतडली. नशीब गोल नाही कुरतडली, नाहीतर त्यानेच दुसरी गुटी मारली असती. आता भोवती बारीक जाळी गुंडाळलीय. कळ्या लालसर आणि टपोऱ्या व्हायला लागल्यात, गेल्या आठवड्यात दुपारी १४ अंश होतं.

सालपट | ११ फेब्रुवारी

लालसर कळ्या म्हणजे झोप चाळवली. आता उलटं काम, झाडाला उठू द्यायचं नाही. दुपारी खोकं उघडं, सावलीत, जितकं गार राहील तितकं बरं. कळी उमलली की तिची थंडी सोसायची ताकद संपते, आणि मागून एक कडाका येतोच येतो.

अर्धवटमाळी | १२ एप्रिल

खूप दिवसांनी. आधी वाईट बातमी, डावीकडची वरची फांदी गेली, सुकून काडी झाली. हिरव्यापर्यंत मागे कापली.

चांगली बातमी म्हणजे बाकी सगळ्या कळ्या फुटल्या! पहिल्यांदा दहा दिवस पानं अर्धी उघडून तशीच थबकली होती, ओल्या पंख्यासारखी मिटलेली, तेव्हा वाटलं की काकांचं ते फांदीचं वाक्य खरं होणार, नुसत्या साठ्यावर फुटतंय आणि खाली काहीच नाही. वरून सैल पारदर्शक पिशवी घातली, दमटपणा राहावा म्हणून. मग परवा कुंडी उचलून खालून बघितलं तर एका भोकातून पांढरं टोक बाहेर आलंय. एकच. अर्धा सेंमी असेल. मी बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली, याच्यासाठी चार महिने माझी गोधडी बाल्कनीत होती?

खालचं जुनं खोड पण फुटलंय, कापाच्या खाली आठ-नऊ कोंब.

कुंडीकर | १२ एप्रिल

अभिनंदन! पिशवी हळूहळू उघडत जा, रोज थोडी, आठवड्याभरात काढून टाका, एकदम नको. पानं पूर्ण उघडून चामट झाली की पातळ खत. ठुंठाला आणि मॉसला पुढच्या वसंतापर्यंत हात नाही. तेव्हा ठुंठ पहिल्या मुळांच्या लगेच खालून सपाट कापा, म्हणजे मुळं गोल पसरून नेबारी (बुंध्याशी वर दिसणारा मुळांचा पसारा) चांगली बसेल. तार बघत राहा, सालीत रुतायला लागली तर सैल करा.

हिरवट | १२ एप्रिल

आता तरी फोटो टाका की राव.

अर्धवटमाळी | १२ एप्रिल

टाकतो उद्या नक्की. आज रात्री उणे १ दाखवतायत, सगळी पानं उघडी आहेत, आधी कुंडी आत घेऊन येतो.